आरेमॉन: पाचोळ्यावरचे पक्षी आणि तीन वाद

मेक्सिकोपासून उत्तर अर्जेंटिनापर्यंतच्या दमट जंगलांत, ढगांत बुडालेल्या डोंगरउतारांवर आणि काही ठिकाणी पानगळीच्या कोरड्या रानांतही आरेमॉन या प्रजातीचे पक्षी राहतात. बुलबुलापेक्षा थोडे लहान. पाठ शेवाळी किंवा राखाडी, डोक्यावर काळ्या-पांढऱ्या रेघा आणि बऱ्याच जणांच्या पांढऱ्या छातीवर काळा पट्टा. दिवसाचा बहुतेक वेळ जमिनीवर जातो. दिसायला साधे, पण शंभर वर्षांत या पक्ष्यांवर बरीच शाई खर्ची पडली आहे. पहिला वाद प्रजातीची वेस कुठे आखायची याचा, दुसरा त्या वेशीच्या आत जाती किती याचा. तिसरा वाद वेगळ्याच वळणाचा आहे: एकाच डोंगरावर दोन जाती राहत असल्या तर त्या उंची वाटून का घेतात? पहिला वाद जवळजवळ मिटला आहे, दुसरा बराचसा. तिसरा अजून उघडा आहे.

एक खुलासा आधीच करून ठेवतो. कुल, कुलात प्रजाती, प्रजातीत जाती आणि जातीत उपजाती अशी ही उतरंड आहे. वर्तमानपत्रांत ‘प्रजाती’ आणि ‘जाती’ हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात, पण या विषयात तेवढ्याने घोळ होतो.

पक्षी आणि त्यांचं गोत

इंग्रजीत यांच्यापैकी काहींना ‘स्पॅरो’ म्हणतात, काहींना ‘ब्रशफिंच’. आपल्या वळचणीच्या चिमणीशी मात्र त्यांचं जवळचं नातं नाही. त्यातल्या त्यात आपल्याकडचा जवळचा भाऊबंद म्हणजे भारीट. हिवाळ्यात महाराष्ट्रातल्या ज्वारीच्या शेतांवर काळ्या डोक्याच्या भारीटांचे थवे उतरतात, ते पाहणाऱ्यांना चोचीची ठेवण ओळखीची वाटेल. अमेरिकेतले हे स्पॅरो आणि जुन्या जगातले भारीट पुष्कळ वर्षं एकाच कुलात, एम्बेरिझिडीत, मोजले जात. कीथ बार्कर आणि सहकाऱ्यांच्या २०१३च्या जनुकीय अभ्यासानंतर अमेरिकेतल्या शाखेसाठी पॅसेरेलिडी हे वेगळं कुल सर्वत्र रूढ झालं. आरेमॉन आता त्या कुलात आहे.

या पक्ष्यांची राहणी पाहायची तर कोस्टा रिका किंवा कोलंबियातलं ढगाळ जंगल गाठावं. तांबूस टोपीची ब्रशफिंच, म्हणजे आरेमॉन ब्रुनेइनुका, पायवाटेच्या कडेला येते तेव्हा आधी पाचोळ्याची खुसखुस ऐकू येते. पक्षी दोन उड्या मारतो, थांबतो, चोचीने एक पान पकडून झटक्यात बाजूला फेकतो, खाली काय आहे ते बघतो आणि पुढच्या पानाकडे वळतो. मध्येच तो पांढरा गळा असा फुगवतो की अंधाऱ्या झुडपात तेवढाच एक डाग दिसतो. आवाज बारीक आणि इतका उंच पट्टीचा की कीटकाचा वाटावा. थोडे ज्येष्ठ पक्षीनिरीक्षक तर तो ऐकूच शकत नाहीत. उडणं अगदी जेवढ्यास तेवढं. दरी ओलांडून पलीकडच्या डोंगरावर जावं, असा या पक्ष्याचा स्वभाव नाही, आणि पुढे येणाऱ्या सगळ्या भानगडीचं मूळ या स्वभावात आहे.

वेस कुठे?

आरेमॉन हे नाव फ्रेंच पक्षीशास्त्रज्ञ लुई पिएर व्हिएयो यांनी १८१६ मध्ये दिलं. त्यांच्यासमोर होता सखल जंगलांतला पेक्टोरल स्पॅरो, आरेमॉन टॅसिटर्नस. पुढे १८५० मध्ये पक्षीशास्त्रज्ञ बोनापार्ट यांनी डोंगराळ भागातल्या पट्टेदार डोक्याच्या पक्ष्यांसाठी ब्वारेमॉन ही निराळी प्रजाती काढली. त्याच शतकाच्या शेवटी पक्षीशास्त्रज्ञ रिजवे यांनी लिसुरस ही तिसरी काढली. तिच्यात दोनच जाती होत्या: एक कोस्टा रिका आणि पनामातली, दुसरी अँडीजमधल्या ओढ्याकाठची. अशा रीतीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तीन घरं तयार झाली. सखलातले, डोंगरातले आणि हे दोन शेवाळी एकांडे.

विसाव्या शतकाच्या मध्यात वारं उलटं वाहू लागलं. हार्वर्डच्या संग्रहालयातले रेमंड पेंटर हे अमेरिकी ब्रशफिंचांचे मोठे जाणकार. त्यांनी ब्वारेमॉन ही प्रजाती मोडून तिच्यातल्या जाती अॅटलापेटीस या बहुजाती प्रजातीत घातल्या आणि जगातल्या पक्ष्यांची पीटर्स यांची जी प्रमाण यादी होती तिच्या १९७० च्या खंडात तेच छापलं गेलं. पेंटर यांचा युक्तिवाद वरवरचा नव्हता. कातड्या समोर मांडल्या की शरीराची ठेवण, चोच, रंगांची मांडणी यांत दोन्ही गटांना जोडणारे दुवे दिसतात. पुढची पंचवीस वर्षं बहुतेक क्षेत्र-पुस्तिकांत हे पक्षी अॅटलापेटीस म्हणूनच छापले गेले.

या मांडणीला १९९५ मध्ये व्हॅन रेमसेन आणि डब्ल्यू. एस. ग्रेव्हज यांनी आव्हान दिलं. रेणवीय पुरावा येऊ लागला होता आणि त्यात ब्वारेमॉन अॅटलापेटीसपासून दूर पडत होते. राहणीही निराळी होती. अॅटलापेटीस बहुतेक झुडपांत वर वावरतात, ब्वारेमॉन जमिनीवर. मग २००७ मध्ये कार्लोस दानिएल कादेना, जॉन क्लिका आणि रॉबर्ट रिकलेफ्स यांचा मायटोकाँड्रियल डीएनएवरचा अभ्यास आला आणि गोष्ट आणखी पुढे गेली. ब्वारेमॉन अॅटलापेटीसचे नव्हतेच, ते आरेमॉनच्या झाडाच्या फांद्यांत गुंतलेले होते. लिसुरसही त्यातच. दक्षिण अमेरिकेच्या वर्गीकरण समितीने तिन्ही घरांच्या भिंती काढल्या आणि सगळ्यांना सर्वांत जुनं नाव, आरेमॉन, दिलं. क्लिका आणि सहकाऱ्यांच्या २०१४च्या संपूर्ण कुलाच्या वंशवृक्षातही हा मोठा आरेमॉन टिकून राहिला.

विरोधी बाजूकडे मुद्दे नव्हते असं नाही. सखलातला नारिंगी चोचीचा स्पॅरो जमिनीवर किंवा तिच्या लगत छताचं घरटं बांधतो, ज्यात बाजूने शिरायचं दार असतं. कोस्टा रिकात अनेक दशकं राहिलेल्या अलेक्झांडर स्कच यांनी त्याची वर्णनं दिली आहेत. तांबूस टोपीची ब्रशफिंच मात्र झुडपात उघडी वाटी बांधते. घरटं बांधण्याची पद्धत पक्ष्यांत सहजी बदलत नाही, हा जुना आणि वजनदार युक्तिवाद आहे. शिवाय २०११ मध्ये फ्लोरेस-रोद्रिगेस, कार्लिंग आणि कादेना यांनी एकेका जनुकाची झाडं वेगवेगळी काढून पाहिली, तेव्हा ती एकमेकांशी तंतोतंत जुळेनात. आतल्या फांद्या कोणत्या क्रमाने फुटल्या, हे म्हणून अजून पक्कं सांगता येत नाही. तरीही सगळे मिळून एक गट आहेत, याबद्दल आता फारसं दुमत उरलेलं नाही. गुंता आत आहे, बाहेरची वेस मजबूत आहे, आणि अशा वेळी एकच मोठी प्रजाती ठेवणं मला शहाणपणाचं वाटतं. तीन छोट्या प्रजाती ठेवल्या असत्या तर दर नव्या झाडाबरोबर नावं बदलत राहिली असती.

छातीवरचा पट्टा

जातींच्या प्रश्नाकडे वळण्याआधी काळ्या पट्ट्याचं प्रकरण सांगायला हवं, कारण पिसांवर किती विसंबावं याचा धडा तिथे मिळतो.

ब्रुनेइनुकाच्या बहुतेक सर्व समूहांत गळ्याखाली काळा पट्टा असतो. मेक्सिकोच्या आखाताजवळच्या तुश्तला डोंगरांत मात्र तो नाही. व्हेनेझुएलाच्या एका कोपऱ्यात नाही आणि इक्वाडोरच्या पश्चिम उतारावरच्या एका तुकड्यातही नाही. तिन्ही जागा एकमेकींपासून शेकडो कोस दूर. मेक्सिकोतला पट्टा नसलेला पक्षी पक्षीशास्त्रज्ञ वेटमोर यांना १९४२ मध्ये स्वतंत्र जात वाटला होता आणि त्यांचं चुकलं असं त्या काळी कुणी म्हणू शकलं नसतं. पट्ट्याचं असणं-नसणं हा फरक इतका ठळक आहे.

फ्रँक चॅपमन यांनी हा प्रश्न १९२३ मध्येच हाताळला होता. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियममधून त्यांनी ब्वारेमॉनमधल्या ‘म्यूटेशन’वर एक दीर्घ लेख लिहिला. दूरदूरच्या समूहांत एकाच प्रकारचा पिसारा पुन्हा पुन्हा दिसतो आणि मधले समूह वेगळेच असतात, तर असा पिसारा नात्याची खूण कसा मानायचा, हा त्यांचा प्रश्न होता. या विचित्र मांडणीला रेमसेन यांनी १९८४ मध्ये ‘लीपफ्रॉग’ म्हटलं आणि अँडीजच्या पुष्कळ पक्ष्यांत ती आढळते हे दाखवलं. म्हणजे उत्तरेकडचा आणि दक्षिणेकडचा पक्षी सारखे, मधला वेगळा.

आजच्या मताने छातीचा पट्टा वेगवेगळ्या ठिकाणी स्वतंत्रपणे गेला किंवा आला असावा. पिसांचा मोठा बदल फार थोड्या जनुकीय बदलाने होऊ शकतो, हे इतर पक्ष्यांत दिसून आलं आहे. आरेमॉनमध्ये त्यामागे नेमकं कोणतं जनुक आहे हा शोध अजून व्हायचा आहे. तोवर पट्ट्यावरून जात ठरवू नये, हा चॅपमनचा इशारा शंभर वर्षांनीही जसाच्या तसा लागू पडतो.

एक जात की आठ?

जुन्या ब्वारेमॉन टॉर्क्वाटसचं, म्हणजे पट्टेदार डोक्याच्या ब्रशफिंचचं, क्षेत्र पाहिलं की वादाची सामग्री तिथेच आढळते. कोस्टा रिकाच्या पायथ्याच्या टेकड्या, कोलंबियाच्या सीमेवरचा पनामा, सिएरा नेवादा दे सांता मार्ता, पेरिहा डोंगर, काराकासच्या उशाशी असलेली किनारी डोंगररांग, ईशान्य व्हेनेझुएलातले पारियाच्या बाजूचे डोंगर आणि मग व्हेनेझुएलापासून अर्जेंटिनापर्यंत अँडीजची मुख्य रांग. मध्ये खोल, कोरड्या दऱ्या, आणि त्या ओलांडायला हा पक्षी तयार नाही. बहुतेक समूह एकमेकांच्या शेजारी राहत नाहीत, म्हणून निसर्गात एकत्र आले तर त्यांचा संकर होईल का, हे पाहण्याची सोय फारशी नाही. डझनाहून जास्त उपजाती अशा एकाच नावाखाली राहत होत्या.

कादेना आणि आंद्रेस कुएर्वो यांचा २०१०चा लेख या प्रश्नातला मैलाचा दगड आहे. लिनियन सोसायटीच्या जर्नलमध्ये तो आला आणि टॉर्क्वाटसमध्ये जाती किती, हाच प्रश्न त्याच्या शीर्षकात होता. एकाच पुराव्यावर न थांबता त्यांनी चार बाजू एकत्र बांधल्या: मायटोकाँड्रियल डीएनए, शरीराची मोजमापं आणि पिसारा, कोणत्या हवामानात राहतात, आणि गाणं. चारही बाजूंचा कौल ज्या सीमांवर जुळला त्या सीमा त्यांनी जातीच्या मानल्या. हिशोब आठ जातींवर आला: खुद्द टॉर्क्वाटस, शिवाय असिमिलिस, बॅसिलिकस, पेरिहानस, अॅट्रिकॅपिलस, कोस्टारिसेन्सिस, फिओप्ल्युरस आणि फायगास.

दक्षिण अमेरिकेच्या वर्गीकरण समितीची एक चांगली रीत आहे. प्रस्ताव, प्रत्येक सदस्याचं मत आणि त्यामागचं कारण असं सगळं जाहीरपणे नोंदवलेलं असतं. त्यामुळे विभाजनाच्या बाजूचे आणि शंकेखोरांचे मुद्दे आज कुणालाही वाचता येतात. समितीने आणि आंतरराष्ट्रीय पक्षी-यादीनेही आठ जाती स्वीकारल्या.

शंकेखोरांचे आक्षेप मात्र नोंदवायला हवेत. मायटोकाँड्रियल डीएनए फक्त आईकडून येतो, आणि कमी फिरणाऱ्या पक्ष्यांत तो एरवीच खोलवर फुटलेला दिसतो, तेव्हा त्यातली दरी म्हणजे आपोआप जातीची दरी नव्हे, हा एक. दुसरा हवामानाबद्दल: डोंगर वेगळा तर तिथलं हवामान वेगळं असणारच, मग पक्ष्याची ‘पसंती’ वेगळी आहे असं म्हणण्यात अर्थ किती? गाण्याचा पुरावा या सर्वांत जड आहे, पण काही दुर्गम डोंगरांतून ध्वनिमुद्रणं थोडी येतात. त्यावरचा उपाय म्हणजे एका डोंगरावरचं गाणं दुसऱ्या डोंगरावरच्या पक्ष्याला ऐकवणं. तो आपल्या प्रतिस्पर्ध्यासारखा चिडून आला तर त्यांच्यात ओळख शिल्लक आहे, आणि ढिम्म बसला तर नाही. हा प्रयोग अमेरिकी उष्णकटिबंधातल्या अनेक विलग समूहांवर झाला आहे आणि गाण्याच्या आलेखावरून बांधलेला अंदाज पक्ष्याच्या वागण्याशी नेहमी जुळत नाही, असं त्यातून दिसलं. टॉर्क्वाटसच्या आठही शाखांमध्ये परस्परांवर असा प्रयोग पद्धतशीर झाला तर उरलेल्या शंका बऱ्याच कमी होतील.

एकूण पुरावा पाहता एक जात मानण्याची भूमिका आता टिकत नाही. आठ हा आकडा पुढे सात किंवा नऊ होईलही, पण पुन्हा एकावर येणार नाही.

आपल्याकडेही याच धाटणीचं काम झालं आहे. पश्चिम घाटाच्या दक्षिण टोकाकडच्या शोला जंगलांतल्या डोंगरमाथ्यांवरच्या पक्ष्यांसाठी व्ही. व्ही. रॉबिन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये शोलिकोला आणि मॉन्टेसिंक्ला या दोन नव्या प्रजाती मांडल्या. तिथेही मधल्या दऱ्यांनी समूह तोडले होते आणि जनुकं, मोजमापं व गाणं एकत्र पाहूनच निर्णय झाला.

उताराची वाटणी

आता तिसरा वाद. माझ्या मते या प्रजातीवरच्या कामात सर्वांत रस इथे आहे.

अँडीजच्या ज्या उतारांवर ब्रुनेइनुका आणि टॉर्क्वाटसच्या गटातली जात दोन्ही राहतात तिथे बहुधा ब्रुनेइनुका खाली आणि दुसरी वर. सरहद्द जवळपास लागून. बोलिव्हियात ब्रुनेइनुका नाही, तिथे टॉर्क्वाटस बराच खाली उतरतो. कोस्टा रिकात मात्र क्रम उलटा: पट्टेदार डोक्याचा कोस्टारिसेन्सिस पायथ्याला आणि ब्रुनेइनुका वरच्या ढगाळ जंगलात. जागा बदलल्या, पण वाटणी कायम.

हे पाहून स्पर्धा डोळ्यांसमोर येणं साहजिक आहे. जॉन टरबर्ग आणि जॉन वेस्की यांनी १९७५ मध्ये पेरूतल्या डोंगरांवरून तसाच निष्कर्ष काढला होता: वरचा प्रतिस्पर्धी ज्या डोंगरावर नाही तिथे खालची जात वर सरकलेली दिसते. रेमसेन आणि ग्रेव्हज यांनी १९९५ मध्ये ब्वारेमॉनच्या नकाशांतून याच धर्तीचं चित्र उभं केलं. दोन चुलतभाऊ एका शेताचा बांध घालून घेतात तसं.

कादेना यांनी २००७ मध्ये हा बांध कधी घातला गेला ते तपासलं. नकाशा आजचा असतो, डीएनएत काळ साठलेला असतो. स्पर्धेने दोघांना विरुद्ध दिशांना ढकललं असेल, तर ब्रुनेइनुका दुसऱ्याच्या मुलखात शिरली तेव्हा तिची उंची बदललेली दिसायला हवी होती. ती बदललेली दिसली नाही. दुसरं, ती येण्याआधीच टॉर्क्वाटसच्या शाखा फुटलेल्या होत्या. तिसरं, जिथे दोघांच्या हद्दी भिडतात तिथल्या समूहांची संख्या पूर्वी घटली असावी असंही जनुकांत स्पष्टपणे दिसत नाही. म्हणून दोघांनी एकमेकांना दोन्हीकडे सरकवलं, ही कल्पना त्यांनी अमान्य केली. पण त्यांनी एक दार उघडं ठेवलं: पूर्वीच्या लोकसंख्येचे हिशोब ढोबळ असतात, तेव्हा ब्रुनेइनुकाने टॉर्क्वाटसच्या काही समूहांना एकतर्फी वर रेटलं असण्याची शक्यता ठामपणे नाकारता येत नाही. त्याच वर्षी बेट लॉइझेल यांच्यासोबत केलेल्या कामात त्यांनी स्पर्धा, प्रत्येक जातीची स्वतःची हवामानाची गरज आणि डोंगरागणिक बदलणारं वातावरण ही तीन कारणं एकमेकांपासून सोडवून पाहण्याचा प्रयत्न केला.

दुसऱ्या बाजूला, स्पर्धा ही निव्वळ कागदावरची कल्पना नाही हे इतर पक्ष्यांत दिसलं आहे. जिल जँकोव्स्की आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये कोस्टा रिकाच्या तिलारान डोंगरांत कस्तुरांच्या आणि रेनच्या जोड्यांना एकमेकांची गाणी ऐकवली. हद्दीजवळचे पक्षी शेजारच्या जातीच्या गाण्यावरही तुटून पडले, हद्दीपासून दूरचे शांत राहिले. आरेमॉनमधली हद्द अशी भांडणातून टिकून आहे का, की दोघांना मुळात वेगळी हवा मानवते, हे ठरवायला असाच प्रयोग हवा. हद्द निर्माण कशाने झाली आणि ती आज टिकून कशाने आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. जुन्या लेखांत ते पुष्कळदा एकात एक मिसळलेले दिसतात. डीएनए पहिल्याचं उत्तर देऊ शकतो, दुसऱ्याचं नाही.

आणि हा प्रश्न नुसता शास्त्रज्ञांच्या कुतूहलाचा राहिलेला नाही. पेरूमधल्या पँतियाकोया कड्यावर १९८५ मध्ये झालेली पक्षीगणना २०१७ मध्ये पुन्हा केली गेली, तेव्हा पक्षी वर सरकलेले आणि अगदी माथ्यावरचे काही नाहीसे झालेले आढळले. तापमानवाढीमुळे उताराच्या हद्दी वर चालल्या असतील तर खालची जात वर येताना वरच्या जातीला रेटणार का, याचं उत्तर स्पर्धा खरी आहे की नाही यावर अवलंबून आहे.

सखलातले, थोडक्यात

सखल जंगलांतल्या आरेमॉनवर वाद कमी आणि शोध जास्त झाले. मार्कोस रापोसो यांनी १९९७ मध्ये ब्राझीलच्या साओ फ्रान्सिस्को नदीच्या खोऱ्यातल्या कोरड्या रानातून आरेमॉन फ्रान्सिस्कॅनस ही संपूर्ण नवी जात वर्णिली. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत एवढा ठळक पक्षी निसटून राहिला होता, हे त्या रानांकडे झालेल्या दुर्लक्षाचं प्रमाण आहे. अलीकडे पिवळ्या चोचीच्या स्पॅरोतून अँडीजलगतची शेवाळी पाठीची डॉर्बिन्यी ही जात, आणि काळ्या टोपीच्या स्पॅरोतून मारान्योन खोऱ्यातली जात अशी विभाजनं अनेक याद्यांनी स्वीकारली. एकूण संख्या यादीगणिक एखाद-दुसऱ्याने कमी-जास्त होते, पण वीसच्या पुढे आहे.

विभाजनाचा संरक्षणावर थेट परिणाम होतो. टॉर्क्वाटस ही एकच जात होती तेव्हा ती मध्य अमेरिकेपासून अर्जेंटिनापर्यंत पसरलेली म्हणून निश्चिंत गणली जाई. आता सांता मार्ता किंवा पारियाच्या एकेका डोंगरापुरत्या जाती आहेत, आणि तो डोंगर कॉफीखाली, गुरांच्या कुरणांखाली किंवा आगीत गेला तर त्या जातीला दुसरी जागा नाही. काही जण याच कारणाने विभाजनाकडे संशयाने पाहतात. संरक्षणाच्या ओढीने जाती फोडल्या जातात, असा तो आक्षेप आहे. टॉर्क्वाटसच्या बाबतीत मात्र विभाजनाचा पुरावा संरक्षणाचा विचार बाजूला ठेवूनही पुरेसा आहे.

पुढे काय लागेल

संग्रहालयांतल्या कातड्या आणि आजवरचे जनुकीय नमुने यांतून निघण्यासारखं बरंच निघून झालं आहे. यापुढे हवं आहे ते रानातलं काम: परस्परांना गाणी ऐकवण्याचे प्रयोग, एकाच उतारावर दर काही वर्षांनी केलेली नोंद, पेरिहा आणि पारियासारख्या डोंगरांतून नव्या ध्वनिमुद्रणांची भर, आणि पट्ट्यामागचं जनुक शोधण्यासाठी संपूर्ण जीनोम.

कोस्टा रिका, कोलंबिया, इक्वाडोर इथे पक्षी पाहायला जाणाऱ्या मराठी मंडळींची संख्या आता वाढते आहे. त्यांना एवढंच सांगणं: या पक्ष्याचा फोटो काढाच, पण समुद्रसपाटीपासूनची उंची न विसरता लिहून ठेवा, गाणं ऐकू आलं तर मोबाईलवर का होईना मुद्रित करा, आणि ते झेनो-कँटो किंवा मॅकॉले लायब्ररीसारख्या खुल्या संग्रहात टाका. फोटो पुष्कळ आहेत. उंचीसह नोंदवलेली गाणी कमी आहेत, आणि वाद अडला आहे तो तिथेच.